आधी नावं लिहा, मग खातं उघडा

पत्र: मी एक्कावन्न वर्षांची आहे. व्हॉट्सअ‍ॅप सोडलं तर कुठल्याही सोशल नेटवर्कवर माझं खातं नाही. आजवर गरज वाटली नाही, पण हल्ली तिन्ही बाजूंनी आग्रह सुरू झालाय. शाळेतल्या मैत्रिणींनी फेसबुकवर आमच्या बॅचचा ग्रुप काढलाय आणि त्या म्हणतात, 'तूच तेवढी राहिलीस.' नोकरी सोडल्यावर मला घरून भाषांतराची कामं करायची आहेत. ऑफिसमधला सहकारी म्हणतो, 'लिंक्डइनवर नसाल तर तुम्हाला विचारणार कोण?' मुलगी म्हणते, 'आई, इन्स्टाग्रामवर ये, माझे फोटो तरी बघशील.' यजमानांचं मत, 'कशाला ही नसती ब्याद?' मला वेळ जाण्याची भीती वाटते. घरात बघते ना, एकदा फोन हातात घेतला की तासभर कुणाची मान वर होत नाही. पण चारजणींत बसलं आणि 'अगं, तिनं टाकलं होतं ना ते' असं बोलणं सुरू झालं की मला काहीच कळत नाही, आणि तेव्हा फार एकटं वाटतं. जावं की न जावं? आणि गेलेच, तर फोटो न लावता, टोपणनावानं चालेल का? (एक वाचक)

उत्तर:

नमस्कार ताई,

तुम्ही प्रश्न एक विचारलाय, पण पत्रात प्रश्न चार आहेत. शाळेच्या मैत्रिणी, पुढचं काम, मुलगी, आणि चारजणींत बसूनही वाटणारं एकटेपण. आजूबाजूची माणसं या चारांवर एकच तोडगा सांगताहेत, म्हणून गोंधळ होतोय. चारांची उत्तरं वेगवेगळी आहेत आणि त्यातल्या एकाचं तर सरळ 'नको' असं आहे.

खातं उघडायच्या आधी एक कागद घ्या आणि ज्यांच्यासाठी जायचं त्यांची नावं लिहा. 'बॅचच्या मैत्रिणी' असं मोघम नको. कोण? शेजारच्या बाकावर बसायची ती? लग्नानंतर जिची पत्रं हळूहळू थांबली ती? प्रत्येक नावापुढे दोन गोष्टी लिहायच्या: आज तिच्याशी बोलायचं झालं तर माझ्याकडे काय मार्ग आहे, आणि तिच्याबरोबर मला नेमकं काय करायचं आहे. भेटायचंय, तिची खबरबात हवीय, एखादी राहून गेलेली गोष्ट बोलायचीय, काहीही असो. बऱ्याच नावांपुढे 'फोन नंबर आहे' एवढंच निघेल आणि दुसरा रकाना कोरा राहील. तो कोरा राहिला म्हणून वाईट वाटून घेऊ नका. पस्तीस वर्षांनी प्रत्येकीशी काही करायचं उरलेलं असतंच असं नाही.

हा खटाटोप कशासाठी, तर नेटवर्कचं महत्त्व आपल्याला नेहमी दुसऱ्या टोकाकडून सांगितलं जातं. तिथे सगळं जग आहे, म्हणून तुम्हीही हव्यात. फेसबुक २००४ साली एका विद्यापीठातल्या विद्यार्थ्यांपुरतं सुरू झालं, २००६ मध्ये तेरा वर्षांवरच्या कुणालाही खुलं झालं आणि आज ते वापरणाऱ्यांची संख्या तीन अब्जांच्या वर आहे. या तीन अब्जांतले तुमच्या उपयोगाचे किती? रॉबिन डनबार या ब्रिटिश शास्त्रज्ञांनी १९९०च्या दशकात मांडलं, की माणूस एका वेळी साधारण दीडशे जणांशीच खरी ओळख टिकवू शकतो. त्याच्या आत पन्नासांचं, मग पंधरांचं आणि अगदी आत पाचांचं वर्तुळ. दीडशे या आकड्यावर अभ्यासकांचे वाद आहेत. पण २०१६ साली त्यांनी सोशल मीडिया वापरणाऱ्या लोकांची पाहणी प्रसिद्ध केली, तेव्हाही मोठ्या अडचणीत ज्यांना हाक मारता येईल अशी माणसं लोकांनी सरासरी चारच्या आसपास सांगितली. मित्रयादी शेकड्यांनी वाढवता येते. हाकेला येणारी माणसं तशी वाढत नाहीत. म्हणून तुमचा निर्णय तीन अब्जांवर ठरणार नाही, तुमच्या कागदावरच्या आठ-दहा नावांवर ठरेल. त्यांतली निम्मी जरी तिथे खरोखर वावरत असतील तर ती जागा तुमच्यासाठी मोलाची आहे. एकही नसेल तर सगळं जग तिथे असूनही तुम्हाला त्याचा काही उपयोग नाही.

आता मुलीचं म्हणणं. 'इन्स्टाग्रामवर ये, माझे फोटो बघशील' यात आईला आपल्यात ओढून घेण्याची इच्छा आहे. तिला उडवून लावू नका. पण तिथे गेल्यावर तुम्हाला प्रामुख्यानं तिचे फोटो दिसतील, हे मात्र खरं नाही. मेटा या कंपनीवर, म्हणजे फेसबुक आणि इन्स्टाग्राम दोन्ही जिच्या मालकीची आहेत तिच्यावर, अमेरिकेत मक्तेदारीचा खटला झाला. त्याची सुनावणी २०२५ साली झाली. तिथे कंपनीनं स्वतःच्या बचावासाठी आकडे मांडले: फेसबुकवर घालवलेल्या वेळेपैकी सुमारे १७ टक्के वेळ मित्रांनी टाकलेल्या गोष्टी बघण्यात जातो, आणि इन्स्टाग्रामवर फक्त ७ टक्के. म्हणजे शंभर मिनिटं इन्स्टाग्राम बघितलं तर ओळखीच्या माणसांचं सात मिनिटं. उरलेला वेळ अनोळखी लोकांचे व्हिडिओ, जाहिराती, आणि यंत्रानं 'तुम्हाला आवडेल' म्हणून पुढे सरकवलेलं काहीबाही. कंपनीला हे सांगायचं होतं की आम्ही आता मित्रांना जोडणारी सेवा राहिलेलो नाही, आमची स्पर्धा करमणुकीशी आहे. तुम्ही मात्र करमणूक शोधत नाही आहात, तुम्हाला मुलगी हवी आहे.

म्हणून इन्स्टाग्रामबद्दल माझं उत्तर 'नको' असं आहे, निदान या कारणासाठी तरी नको. मुलीला सांगा, 'तुला जे मला दाखवावंसं वाटतं ते मला पाठव आणि सोबत दोन ओळी लिही.' व्हॉट्सअ‍ॅप तुमच्याकडे आहेच. शिवाय इन्स्टाग्रामवर ती जे टाकते ते शंभर-दोनशे जणांना उद्देशून असतं. त्यात आईनं प्रत्येक फोटोवर हजेरी लावावी असं तिला खरोखर वाटतं का, हेही एकदा मोकळेपणानं विचारा. काही मुलींना वाटतं, काहींना आईसाठी वेगळी जागा असलेली बरी वाटते. ती 'खरंच ये' म्हणाली आणि तुम्हालाही हौस असली तर जा, पण हौस म्हणून जा. आपण गेलो नाही तर मुलगी दुरावेल, हे ओझं घेऊन जाऊ नका.

घरात कुणाची मान वर होत नाही असं तुम्ही लिहिलंय. त्यात घरच्यांच्या स्वभावाचा दोष थोडाच आहे. या कंपन्या तुमच्याकडून पैसे घेत नाहीत, पण २०२३ सालचे हिशेब पाहिले तर मेटाच्या उत्पन्नातला जवळपास ९८ टक्के वाटा जाहिरातींचा होता. तुम्ही जेवढा वेळ तिथे राहाल तेवढ्या जास्त जाहिराती तुमच्यापुढून जातील. म्हणून सगळी मांडणीच तुम्ही थांबू नये अशी असते. पूर्वी पान संपलं की पुढच्या पानासाठी बटण दाबावं लागायचं. त्या क्षणी माणूस भानावर यायचा आणि उठायचा. २००६ साली आझा रास्किन या तंत्रज्ञांनी न संपणाऱ्या पानाची युक्ती काढली. बोट वर सरकवत राहायचं, खालून नवीन येतच राहतं. पुढे त्यांनीच त्याबद्दल जाहीरपणे खंत व्यक्त केली. तेव्हा तुमची भीती रास्त आहे. 'मला सवय लागणार नाही, मी तशी नाही' असा विश्वास बाळगून जाण्यापेक्षा आपल्यालाही लागू शकते असं धरून आधीच बंदोबस्त करणं शहाणपणाचं. तो कसा, ते पुढे सांगते.

मैत्रिणींच्या ग्रुपकडे मी जरा जास्त आपुलकीनं बघते. शाळेतल्या मैत्रिणी पुन्हा सापडणं ही फेसबुकनं अनेक माणसांना, विशेषतः बायकांना, दिलेली मोठी गोष्ट आहे. लग्नानंतर आडनाव बदललं, गाव बदललं, घरचा फोन बदलला, आणि एकेकीचा पत्ताच हरवला. अशी हरवलेली माणसं शोधून देण्याचं काम याच्याइतकं चांगलं दुसऱ्या कशानं झालेलं नाही. तुमच्या कागदावर अशी दोन-तीन नावं असतील, ज्यांच्यापुढे 'काहीच मार्ग नाही' असं लिहावं लागलं, तर खातं उघडायला तेवढं कारण पुरेसं आहे. कुणाची परवानगी नको आणि कुणाला स्पष्टीकरणही नको.

पण त्याआधी ग्रुपमधल्या एखाद्या मैत्रिणीकडे जा आणि तिच्या फोनवर तो ग्रुप अर्धा तास बघा. तो ग्रुप खाजगी असेल तर बाहेरून काही दिसणार नाही, तेव्हा हाच मार्ग. काय बघायचं? तुमच्या कागदावरच्या नावांपैकी कोण तिथे आहे, आणि कोण बोलतं. ऑनलाइन समूहांबद्दल जेकब निल्सन या वेबसाइटच्या मांडणीच्या जाणकारांनी २००६ साली एक ठोकताळा मांडला होता, की शंभरातले नव्वद जण फक्त वाचतात, नऊ जण अधूनमधून बोलतात आणि एकच जण सतत लिहितो. ओळखीच्यांच्या ग्रुपमध्ये चित्र इतकं टोकाचं नसेल, पण मोठ्या ग्रुपमध्ये दोघी-तिघीच बोलत असतात हे तुम्हीही व्हॉट्सअ‍ॅपवर पाहिलं असेल. त्या दोघी-तिघी तुमच्या नसतील, आणि गुड मॉर्निंगची चित्रं सोडून तिथे काही चालत नसेल, तर तुम्हाला हव्या आहेत त्या मैत्रिणींचे नंबर त्याच बैठकीत घेऊन या. ग्रुपचं काम तुमच्यापुरतं तिथेच झालं. उलट जुने वर्गाचे फोटो निघताहेत, कुणी आजारी आहे तर बाकीच्या जाऊन येताहेत, भेटायचं ठरतंय, असं दिसलं तर नक्की जा. तिथे तुमची जागा रिकामी आहे.

एकटेपणाबद्दल लिहायचं तर थोडं जपून लिहावं लागेल. खातं उघडल्यावर 'तिनं टाकलं होतं ना ते' हे तुम्हाला कळू लागेल, एवढं खरं. पण नुसतं कळण्यानं एकटेपण जातं असं मला वाटत नाही. दुसऱ्यांच्या सहली, वाढदिवस, नवी घरं गुपचूप बघत राहिलं, स्वतः काही लिहिलं नाही, कुणाला उत्तर दिलं नाही, तर मन बरेचदा खट्टूच होतं. फेसबुकच्या अशा मुक्या वापरावर २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात तो वापर आणि उतरत जाणारी मनःस्थिती यांचा संबंध दिसला होता. नंतरच्या सगळ्या अभ्यासांत तो तितका ठळक दिसलेला नाही. माणसामाणसांत फरक असतोच. तरी तुमच्यासारख्या स्वभावाच्या बाईनं, जिला मागे पडल्याची बोच आधीच आहे, याकडे लक्ष ठेवलेलं बरं.

त्या चारजणींच्या बैठकीत मात्र एक गोष्ट करून बघा. 'मी नाही पाहिलं, काय टाकलं होतं तिनं? सांग ना,' असं विचारा. अगदी सहज, ओशाळं न होता. बहुतेक वेळा सांगणारीला आनंदच होतो, कारण जे सगळ्यांनी पाहिलंय ते कुणाला सांगायची संधीच हल्ली मिळत नाही. तिच्या तोंडून ऐकताना तुम्हाला फोटोपेक्षा जास्त कळेल. आणि विचारूनही कुणी सांगत नसेल, तुमच्याकडे पाठ करून बोलणं चालूच राहत असेल, तर ती अडचण त्या बैठकीतल्या माणसांची आहे. खातं उघडून ती सुटणार नाही.

न जाण्यानं काय होतं, हेही तपासून झालंय. अमेरिकेत २०१८च्या निवडणुकीआधी काही अर्थशास्त्रज्ञांनी फेसबुक वापरणाऱ्या सुमारे पावणेतीन हजार लोकांवर प्रयोग केला. काहींना पैसे देऊन चार आठवडे खातं बंद ठेवायला सांगितलं. २०२० मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले. खातं बंद ठेवलेल्यांचा दिवसाला साधारण तासभर मोकळा झाला. त्यातला काही वेळ घरच्यांबरोबर आणि मित्रांबरोबर गेला, काही टीव्हीपुढे. त्यांचं समाधान थोडं वाढलं. फार नाही, थोडं. चालू घडामोडींची माहिती कमी झाली, राजकीय कडवटपणाही कमी झाला. चार आठवडे संपल्यावर त्यातल्या अनेकांनी फेसबुक परत सुरू केलं, पण पूर्वीपेक्षा कमी वापरलं. मला हे निष्कर्ष दिलासा देणारे वाटतात. तिथे नसण्यानं आयुष्य उणं होत नाही, आणि असण्यानं उद्ध्वस्तही होत नाही. फरक आहे तो दिवसातल्या तासाभराचा, आणि तुमचा तो तास आज कशात जातो हे तुम्हालाच माहीत. वाचनात, फिरण्यात, भाषांतराच्या सरावात जात असेल तर त्याची राखण करा.

आता काम. लिंक्डइनच्या बाबतीत सहकाऱ्याचं म्हणणं अर्धं बरोबर आहे. १९७३ साली मार्क ग्रॅनोव्हेटर या समाजशास्त्रज्ञानं एक निबंध लिहिला, तो आजही दाखल्यासाठी काढला जातो. ओळखीतून नोकरी मिळालेल्या लोकांना त्यांनी विचारलं, की ज्यानं सांगितलं तो माणूस तुम्हाला किती वेळा भेटायचा? बहुतेकांचं उत्तर 'अधूनमधून' किंवा 'क्वचित' असं आलं. जवळच्या माणसांना जे माहीत असतं ते आपल्यालाही माहीत असतं. नवी बातमी लांबच्या ओळखीतून येते. २०२२ साली लिंक्डइनवरच्या सुमारे दोन कोटी लोकांच्या माहितीवरून हाच मुद्दा पुन्हा तपासला गेला आणि नोकरी बदलताना फार घट्ट नसलेल्या ओळखींचा उपयोग जास्त होतो असं दिसलं. तुमच्या पंचवीस-तीस वर्षांच्या नोकरीत अशा लांबच्या ओळखी किती झाल्या असतील, विचार करा. बदली होऊन गेलेले, दुसऱ्या कंपनीत गेलेले, एखाद्या प्रकल्पापुरते भेटलेले. त्यांच्यापर्यंत 'मी आता भाषांतर करते' ही बातमी पोचवायला लिंक्डइन चांगलं आहे.

पण भाषांतराची कामं नेमकी तिथूनच मिळतात का, हे सहकाऱ्यालाही माहीत नसणार. ते माहीत असलेल्या माणसाला गाठा. भाषांतरावर घर चालवणारे दोन-तीन जण शोधा आणि त्यांना एवढंच विचारा, 'तुमची मागची तीन कामं कुठून आली?' 'लिंक्डइनचा उपयोग होतो का?' असं विचारलंत तर 'होतो की' असं गुळमुळीत उत्तर येईल. मागची तीन कामं विचारलीत की खरं कळेल. कुणी म्हणेल एजन्सीकडून, कुणी म्हणेल जुन्या प्रकाशकाकडून, कुणी म्हणेल दुसऱ्या भाषांतरकारानं वेळ नाही म्हणून माझ्याकडे पाठवलं. तिघांच्या उत्तरांत लिंक्डइन एकदाही आलं नाही, तर तुमचा वेळ त्या एजन्सींना नमुना भाषांतर पाठवण्यात घाला.

लिंक्डइनवर गेलात तर ते व्हिजिटिंग कार्डासारखं वापरा. कुठल्या भाषेतून कुठल्या भाषेत, कुठल्या विषयात हात बसलेला आहे, आधी केलेलं काम कोणतं, एवढं नीट लिहायचं, ओळखीच्या माणसांना जोडून घ्यायचं, आणि मेसेज आलाय का एवढं आठवड्यातून एकदा बघायचं. तिथल्या यशोगाथा रोज वाचायची काहीच गरज नाही. आणि अजून नोकरीत आहात, तेव्हा घाई नको. 'भाषांतराची कामं घेते' असं जाहीर लिहिलंत तर ते तुमच्या वरिष्ठांनाही दिसेल. नोकरीत असताना बाहेरची कामं घ्यायला तुमच्या नेमणुकीच्या अटींमध्ये मुभा आहे का, ते आधी वाचून घ्या. नसेल तर खातं फक्त नोकरीच्या माहितीपुरतं ठेवा आणि ती ओळ निवृत्तीच्या दिवसासाठी राखून ठेवा.

फेसबुकवर जायचं ठरलं, तर आधी मुदत ठरवा. दोन महिने म्हणा. कॅलेंडरवर तारखेला खूण करा आणि कागदावर लिहून ठेवा, की त्या दिवशी मी काय बघणार आहे. लाइक किती आले, मित्रयादी किती वाढली, हे बघायचं नाही. त्या आठ-दहा नावांपैकी कुणाचा फोन आला, कुणाला भेटले, कोण सापडली, हे बघायचं. दोन महिन्यांत एकही भेट, एकही लांबलेला फोन झाला नाही, तर पुढच्या दोन महिन्यांत होईल या आशेवर राहू नका. मुदत नसली की खातं 'असू दे' म्हणून राहतं, आणि 'असू दे' म्हणून राहिलेल्या खात्यातच सगळ्यात जास्त वेळ जातो.

फोनवर अ‍ॅप घेऊ नका. घरात कॉम्प्युटर असेल तर त्यावरच ब्राउझरमधून उघडा, नसेल तर फोनच्या ब्राउझरमधून. थोडं गैरसोयीचं आहे, आणि ती गैरसोयच तुमच्या कामाची आहे. सूचना, म्हणजे नोटिफिकेशन, पहिल्याच दिवशी बंद करा. तुमच्या फोनमधली नंबरांची यादी ते मागतील, ती देऊ नका. त्या यादीत इतरांचे नंबर असतात आणि त्यांना कुणी विचारलेलं नसतं. आत गेल्यावर मुख्य पानावर रेंगाळण्यापेक्षा थेट ग्रुपमध्ये जा. आणि गेल्या गेल्या काहीतरी लिहा. 'मी आले गं, कोण कोण आहात?' एवढंही पुरे. पहिल्या आठवड्यात जी गप्प राहते ती बहुधा गप्पच राहते, आणि मग तो वर सांगितलेला मुका वापर सुरू होतो.

'तुम्ही कोणत्या फुलासारख्या आहात' छापाच्या चाचण्या कुणी पाठवल्या तर हात लावू नका. २०१८ साली केंब्रिज अ‍ॅनालिटिका या, राजकीय प्रचारासाठी लोकांची माहिती वापरणाऱ्या कंपनीचं प्रकरण उघडकीला आलं, त्याची सुरुवात अशाच एका व्यक्तिमत्त्व चाचणीच्या अ‍ॅपपासून झाली होती. ते अ‍ॅप घेतलं होतं सुमारे २ लाख ७० हजार लोकांनी, पण त्यांच्या मित्रयाद्यांमधून फेसबुकच्याच अंदाजानुसार ८ कोटी ७० लाखांपर्यंत लोकांची माहिती बाहेर गेली. त्यातल्या बहुतेकांनी ती चाचणी बघितलीही नव्हती. नंतर नियम कडक झाले, तरी आपण सावध राहिलेलं चांगलं. यजमान ज्याला ब्याद म्हणतात त्यात एवढं तथ्य नक्की आहे, आणि ते त्यांना मोकळेपणानं सांगून टाका. जायचं की नाही हे मात्र तुमचं तुम्ही ठरवा.

ग्रुपमध्ये जुने फोटो टाकाल, कुणाचे घ्याल, तर प्रत्येकाची प्रत स्वतःकडे ठेवा. ऑर्कुट हे जुनं सोशल नेटवर्क २०१४ मध्ये बंद झालं, गूगल प्लस २०१९ मध्ये. मायस्पेस या तशाच आणखी एका नेटवर्कनं तर २०१९ साली मान्य केलं की २०१५च्या आधी लोकांनी तिथे ठेवलेली गाणी, फोटो आणि व्हिडिओ सर्व्हर बदलताना नाहीसे झाले. तिथे ठेवलं म्हणजे जपलं गेलं, असं समजू नका. सोडायचं ठरलं तरी आधी 'माहिती डाउनलोड करा' ही सोय वापरून सगळं उतरवून घ्या. खातं तात्पुरतं बंद करणं आणि कायमचं पुसणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. फेसबुकवर कायमचं पुसायला सांगितल्यावर ३० दिवस मन बदलायची मुभा असते, आणि त्यानंतर सगळं पुसलं जायला ९० दिवसांपर्यंत लागू शकतात. या ३० दिवसांत परत आत जाऊन पुसण्याची विनंती मागे घेतली तर खातं पुन्हा चालू होतं, म्हणून त्या काळात तिकडे फिरकू नका.

राहिला टोपणनावाचा प्रश्न. फेसबुकचा नियम आहे, की रोजच्या आयुष्यात लोक ज्या नावानं ओळखतात तेच नाव द्यावं. लिंक्डइनलाही खरंच नाव लागतं, आणि कामासाठी जाणार तर ते हवंच. इन्स्टाग्रामवर टोपणनाव चालतं. पण तुम्ही जिच्यासाठी जाताय त्या हरवलेल्या मैत्रिणीनं तुम्हाला ओळखायचं कसं? तिला तुमचं सासरचं आडनाव माहीत नसेल. फेसबुकवर मुख्य नावाबरोबर लग्नाआधीचं नाव वेगळं लिहायची सोय आहे, ती वापरा. फोटो लावलाच पाहिजे असं नाही, पण शाळेच्या ग्रुपमध्ये फोटो नसलेलं खातं बघून मैत्रिणी बिचकतात, कारण खोटी खाती फार असतात. शाळेतला एखादा जुना फोटो लावा. मैत्रिणी ओळखतील, अनोळखी माणसाला त्यातून फारसं काही कळणार नाही.

जन्मतारीख आणि फोन नंबर 'फक्त मी' या पर्यायावर ठेवा. मित्रयादीही लपवा. भामटे एखाद्याचं नाव आणि फोटो उचलून दुसरं खातं काढतात आणि त्या यादीतल्या लोकांकडे पैसे मागतात. यादी दिसली नाही तर त्यांना मागायला माणसंच सापडत नाहीत. आणि जी मैत्रीण तुमच्या यादीत आधीच आहे तिच्याच नावानं पुन्हा रिक्वेस्ट आली, तर स्वीकारण्याआधी तिला फोन करून विचारा.